परग्रहाची भाषा लिहिणारी बाई

मी विज्ञानकथा लिहीत होते. दिवाळी अंकांत वर्षाला दोन-तीन यायच्या. येलदरी धरणाच्या जवळच्या ज्या गावात मी शाळेवर विज्ञान शिकवते, तिथं लोक मला 'परग्रहाचं लिहिणाऱ्या बाई' म्हणायचे. त्यात कौतुक थोडं आणि गंमत जास्त असायची, पण मला ते आवडायचं.

माय माझ्याजवळच राहते. सगळा जन्म तिनं वालूरला, आमच्या वस्तीत काढला. वडील गेल्यावर मी तिला इकडं आणलं. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि तिला ऐकायची हौस लय. शाळेतून आल्यावर मी चहा टाकायचे, ती सुपात शेंगा घेऊन दारात बसायची आणि मी नवीन लिहिलेलं तिला वाचून दाखवायचे. एकदा मध्येच हात थांबवून तिनं विचारलं,

"हे तुजे वरचे लोक मराठी कसं काय बोलायलेत?"

"त्यांच्याकडं यंत्र असतं, माय. त्यांचं बोलणं आपल्या भाषेत करतं."

"त्या यंत्राला मराठी शिकवली कोनं?"

मी हसून पान उलटलं. पण त्याच महिन्यात माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून संपादकांचा पुण्याहून फोन आला. ते म्हणाले, "बाई, तुमच्या परग्रहवासीयांना सहा हात आहेत, पण स्वभावानं ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखे आहेत. जरा खरे करा त्यांना." ते मला लागलं. मी एक जाड वही घेतली आणि सगळं पहिल्यापासून मांडायला बसले. डोळे असलेच पाहिजेत का? वासावर जगणाऱ्या प्राण्याच्या भाषेत 'काल' आणि 'उद्या' कसे येतील? 'मी' हा शब्दच नसलेली भाषा कशी असेल? दोन महिने मी शब्द घडवले, प्रत्यय घडवले, क्रियापदं चालवली.

नव्यानं लिहून संपादकांना पाठवलेल्या कादंबरीतलं तिसरं प्रकरण मला फार जमलं होतं. शास्त्रज्ञ बाई आणि तो परका जीव समोरासमोर बसतात. ती एक खडा ठेवते, मग दोन, मग तीन. तो समजतो. दुपारपर्यंत नावं कळतात, सूर्य कळतो, पाणी कळतं. संध्याकाळी दोघं मरणाबद्दल बोलतात. हे प्रकरण ऐकून झाल्यावर माय सूप उचलून आत गेली होती.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. सगळ्यांच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीबद्दलचे निरोप फिरत होते. गुरुवारी मधल्या सुट्टीत बसथांब्याकडून गलका ऐकू आला. गेले तर चाळीस-पन्नास माणसांच्या मध्ये एक बाई उभी. तीस-पस्तिशीची, घोट्याच्या वर नेसलेलं हिरवं लुगडं, पायात काही नाही, हातात अॅल्युमिनियमचा झाकणाचा डबा. कुणीतरी तिचा दंड धरला होता. ती बोलत होती. आवाज चढवून, भरभर, एकेकाच्या तोंडाकडं बघत. मला त्यातला एक शब्द कळला नाही. हिंदी नाही, तेलुगू नाही, लमाणी नाही, गोंडी आमच्यातल्या एकानं ऐकलेली होती, तीही नाही.

"मुकाट्यानं सांग, कुठली हायस!" एकजण ओरडला आणि त्यानं तिच्या कानशिलात मारली.

पोलीस पाटील मध्ये घुसले. वयस्क माणूस, भांडण मिटवण्यात मुरलेला. त्यांनी त्या माणसाला मागं ढकललं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "म्याडम, तुमी भाषेचं लिहिता ना? बगा बरं, काय बोलायलीय ही."

पन्नास माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं झाले. तिनं माझं मनगट धरलं आणि परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिच्या काही शब्दांचा शेवट घशात मध्येच अडायचा, श्वास तोडल्यासारखा. त्या आवाजाला आपल्याकडं अक्षर नाही. मी लोकांना सांगितलं, "वेडी नाही ही. बोलतेय ते नीट भाषेत बोलतेय."

"मग काय म्हणायलीय?"

"ते कळायला वेळ लागेल."

पोलीस आले. जमादारांनी नाव विचारलं, गाव विचारलं, उत्तराच्या जागी रेघ मारली. महिला आधारगृहात न्यायचं तर जीप सोमवारशिवाय मिळणार नव्हती. पाटील म्हणाले, बाहेर ठेवली तर लोक मारतील. मग मीच म्हणाले, माझ्या घरी राहू द्या, माय आहे घरात. खरं सांगते, त्या क्षणी मला दया आली होती आणि दयेबरोबर आणखी एक गोष्ट होती. मला वाटलं, हे माझंच काम आहे. दोन महिने मी ज्याची तयारी करत होते ते माझ्या दारात चालून आलंय.

घरी आल्यावर मायनं तिला आंघोळीला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. भात-वरण वाढलं. दोन घास तिनं खाल्ले, मग उरलेला भात डब्यात भरला, तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि उठून दाराकडं निघाली. मी आडवी गेले. बाहेर अंगणाच्या पलीकडं पाच-सहाजण उभेच होते, एकाच्या हातात काठी होती. मी तिला ते बोटानं दाखवलं, मारण्याची खूण केली, दार ओढलं आणि आतून कडी घातली.

ती कडीकडं बघत राहिली.

शुक्रवारी मी रजा टाकली. वही घेतली, खडे घेतले आणि तिच्यासमोर बसले. एक. दोन. तीन. तिनं खड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हातानं सगळे खडे बाजूला सारले. मी चित्रं काढली. झाड, घर, पाणी, सूर्य. पाण्याच्या चित्रावर तिनं बोट ठेवलं आणि एक शब्द उच्चारला, मी तो लिहून घेतला. घशात अडणाऱ्या आवाजासाठी मी फुलीची खूण ठरवली. मला इतका आनंद झाला की मी मायला हाक मारली.

ती पुन्हा पुन्हा एक खूण करायची. दोन्ही तळहात जोडून, आडवे करून, हळूच जमिनीवर ठेवायची आणि दाबायची. मग दाराकडं हात करायची.

माय तिच्याशेजारी बसली होती. ती खूण पाहून मायचे डोळे भरले. "लेकरू गेलंय हिचं," ती म्हणाली. "मातीत ठेवलंय. बग ना कशी दाबायलीय."

माझ्या आधीचा माझा भाऊ चार महिन्यांचा असताना गेला होता. माय त्याच्याबद्दल कधी बोलत नसे. त्या दिवशी तिनं त्या बाईचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि रडली. बाई मात्र रडली नाही. ती मायच्या हातातून सुटायला बघत होती.

"माय, इतक्यात ठरवू नकोस," मी म्हणाले. "ती झोपण्याची खूण असेल. किंवा घराची. पुरावा काय आहे?"

"तुला पुरावा लागतो," माय म्हणाली. "मला दिसायलंय."

तो सगळा दिवस असा गेला. एक शब्द ती सगळ्यात जास्त बोलायची. सकाळी, दुपारी, माझा हात धरून, दाराकडं तोंड करून. तो शब्द बोलताना ती डबा पुढं करायची. मी त्याच्यापुढं लिहिलं : भूक. आणि मायला सांगून आणखी भात लावला. तिनं पुन्हा दोनच घास खाल्ले, बाकीचा डब्यात भरला. आदल्या दिवसाचा आंबला होता तो काढून टाकून ताजा भरला. मी वहीत टीप केली की या बाईनं फार उपासमार सोसलेली दिसते, म्हणून ती अन्न साठवते.

शनिवारी तिनं खिडकीचे गज हलवून पाहिले. मागच्या दाराला धडका दिल्या. पाटील आले. ते म्हणाले, "म्याडम, डोस्कं फिरलंय हिचं, तुमी उगं परेशान होऊ नका. सोमवारी जीप येती, पाठवून देऊ." मी म्हणाले, थोडे दिवस द्या मला. तिचं बोलणं मी मोबाइलवर टेप करून शिक्षकांच्या गटावर टाकलं, मैत्रिणींना पाठवलं, दूरच्या एका प्राध्यापकांना पाठवलं. दिवसभर उत्तरं येत राहिली. कुणी म्हणालं आसामकडची असेल, कुणी म्हणालं नेपाळी, एकानं लिहिलं ही भाषाच नाही, बडबड आहे. प्राध्यापकांनी एका ओळीत कळवलं की ही बहुतेक पूर्वेकडच्या डोंगरातली भाषा आहे, मला येत नाही, येणारं माणूस शोधा.

त्या दिवशी दुपारनंतर तिनं बोलणं सोडलं. भिंतीला पाठ लावून बसली, डबा पोटाशी. मी समोर वही घेऊन बसले होते. मी तिला बोलायची खूण केली, मी तिचेच शब्द तिला वाचून दाखवले. ती माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती की मला वही मिटावी लागली. मला वाटलं ती थकलीय. वाटलं, तिला आता माझी सवय झाली.

रविवारी माझ्यासोबत पूर्वी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीचा निरोप आला. तिचा नवरा निमलष्करी दलात होता, त्याची नेमणूक ओडिशाच्या बाजूच्या डोंगरात होती. त्यांच्या तळावर स्वयंपाक करणारी एक बाई तिथलीच. तिला ऐकवून बघते, ती म्हणाली. त्या भागात दिवसदिवस फोन लागत नसे.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला. जीप यायला तासभर होता. मैत्रिणीचा नवरा बोलत होता, "ताई, आमच्या स्वयंपाकाच्या मावशीला कळतंय ते. तिची बोली थोडी वेगळी आहे, पण कळतंय. द्या बरं त्या बाईला फोन."

मी आवाज मोठा करून मोबाइल तिच्यापुढं धरला. पलीकडून एका बाईनं काहीतरी विचारलं, दोनच शब्द.

ती उठून उभी राहिली. तिनं मोबाइल माझ्या हातातून हिसकावला, दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ती ओरडत होती, मध्येच आवाज फुटत होता, घशात अडणारे ते आवाज एकामागून एक येत होते. पलीकडची बाई मध्येच "आँ? आँ?" करत होती. मग ती गप्प झाली आणि मैत्रिणीच्या नवऱ्याचा आवाज आला. तो हळू बोलत होता.

"ताई, ती म्हणतेय तिची बहीण पडलीय तिथं. कालव्याच्या कडेला पत्र्याची खोली आहे, तिथं. ताप आहे, उठता येत नाही, जमिनीवर निजवून आलीय. ही पाणी आणि भात न्यायला गावात आली आणि ह्या बायकांनी मला कोंडून ठेवलं, म्हणतेय."

मी वळून दाराच्या कडीकडं पाहिलं.

"ताई? ऐकताय ना? ती विचारतेय, हे लोक कोण आहेत आणि मला का सोडत नाहीत."

माय भिंतीला धरून उभी होती. तिनं जाऊन कडी काढली. मला आठवतं, ती कडी जरा घट्ट बसायची, मायनं ती दोन्ही हातांनी ओढली.

पाटलांनी त्यांच्या भाच्याची गाडी काढली. कालव्याच्या कडेची पत्र्याची खोली म्हणजे जुनी पंपाची खोली, गावापासून पायी तासाची वाट. आम्ही दहा मिनिटांत पोचलो. गाडी थांबायच्या आत तिनं उडी मारली.

खोलीत कुणी नव्हतं. एक गोधडी होती, एक चप्पल होती, कोपऱ्यात ओकलेलं वाळून गेलं होतं. ती गोधडी उचलून ती बाहेर आली आणि कालव्याच्या पाण्याकडं बघून तिनं जी हाक मारली ती मी अजून ऐकते. पाटील पाण्यात उतरायला निघाले होते. तेवढ्यात बांधावरून मेंढ्या घेऊन एक म्हातारे आले. ते म्हणाले, "त्या बाईला का? तिला शनिवारी आमीच नेलं की. बेशुद्ध व्हती. जिंतूरला नेलं, तिथून परभनीला पाठवली म्हनले."

शनिवारी. म्हणजे ती माझ्यासमोर भिंतीला पाठ लावून गप्प बसली होती, तेव्हा.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर 'अनोळखी स्त्री' लिहिलेला कागद होता. चेहरा सुजला होता, नाकात नळी होती. आमच्या बाईनं आधी तिचे पाय पाहिले, पायाच्या बोटातली पितळेची जोडवी पाहिली, आणि मग वाकून तिच्या कानाशी बोलली. खाटेवरच्या बाईनं डोळे उघडले. परिचारिका म्हणाली, "अगं बाई, ही बोलते? दोन दिवस आम्ही विचारून विचारून बेजार झालो, एक शब्द बोलली नाही."

दोघी बोलत होत्या. धाकटीनं, म्हणजे आमच्या बाईनं, डब्याचं झाकण काढलं. सोमवारचा भात त्यात होता, सकाळीच भरलेला. मोठीला तो खाता येण्यासारखा नव्हता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की मूत्रपिंडं निकामी झालीयत, उपाय चालू आहेत, पण आणायला उशीर झाला. किती उशीर, हे मी विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही बाई. मी पुन्हा विचारलं. दोन दिवस आधी आली असती तर कदाचित, ते म्हणाले.

फोनवरून हळूहळू बाकीचं कळलं. पाइपलाइनच्या कामावर एका मुकादमानं त्यांना इतर मजुरांबरोबर आणलं होतं. मोठी आजारी पडली, कामाला चालेना, तशी टोळी पुढं गेली आणि या दोघी मागं राहिल्या. टोळीत हिंदी येणारा एकच माणूस होता, तो टोळीबरोबर गेला.

बुधवारी दुपारी मोठी गेली. तोवरचे दोन दिवस दोघी जमेल तसं बोलत होत्या. एकदा तर दोघी हसल्या. मी वॉर्डाच्या दाराशी बसलेली असायचे. आत जायचं धाडस मला झालं नाही.

त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात, असं फोनवरून कळलं. जागेचा प्रश्न आला. माय वालूरला गेली, वस्तीतल्या चार घरी बोलली, विहारासमोर बसून बोलली. कुणी नाही म्हणालं नाही. आमच्या भावकीतल्या पोरांनी खड्डा खणला. डोकं कोणत्या दिशेला, तोंड कुणीकडं, हे ती धाकटी हातानं सांगत होती आणि त्या वेळी तिची प्रत्येक खूण सगळ्यांना कळत होती. मातीवर दोन्ही तळहात ठेवून तिनं दाबले. मायनं तोंड फिरवलं.

तिचे नातेवाईक यायला आठ दिवस लागले. ती वालूरलाच, मायच्या चुलत बहिणीकडं राहिली. माझ्या घरी यायला ती तयार नव्हती. तेवढ्या दिवसांत मी माझी वही त्या स्वयंपाकवाल्या मावशींना फोनवर वाचून दाखवली. अकरा शब्द होते. पाणी बरोबर होतं, भात बरोबर होता. बाकीचे नऊ चूक. ज्याच्यापुढं मी 'भूक' लिहिलं होतं, त्याचा अर्थ 'सोड' असा होता. दिवसभर ती माझा हात धरून मला म्हणत होती, सोड, सोड, सोड. आणि मी मायला सांगत होते, अजून थोडा भात लाव.

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, कादंबरी छापू नका.

"का बरं? तिसरं प्रकरण तर उत्तम उतरलंय."

"ते खोटं आहे."

"अहो, विज्ञानकथा आहे ती," ते म्हणाले. "परग्रहावरच्या माणसाची भाषा खरी कशी असणार?"

मी त्यांना त्या बाईबद्दल सांगायला सुरुवात केली. थोडं सांगितल्यावर ते म्हणाले, "यावर लिहा ना. हे फार जबरदस्त आहे." मी फोन ठेवला. लिहिलं नाही. आज लिहितेय तेही छापण्याच्या उमेदीनं नाही. मी लिहीत होते तेव्हा परका जीव किती परका असावा याचाच विचार करायचे, त्याला पंख किती, कान कुठं. त्याला माझ्याकडं यायची घाई का झाली असेल, त्याचं कुणी मागं राहिलं असेल का, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

दोन पुरुष आले. एक तिचा दीर, एक गावचा कुणी. दोघांनाही हिंदी जेमतेम. परभणीच्या स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो, मी, माय आणि पाटील. मायनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती दिरानं घेतली. मी मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन लावला. मावशींना मी एवढंच विचारायला सांगितलं की तिला मला काही सांगायचंय का. काहीही. शिव्या द्यायच्या असल्या तरी.

मावशींनी विचारलं. तिनं मोबाइलकडं पाहिलं, ऐकलं आणि फलाटावर ठेवलेलं बोचकं उचललं.

"ती काही बोलत नाही, ताई," मैत्रिणीचा नवरा म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "काहीच नाही."

गाडी आली. गर्दी फार नव्हती. तिला खिडकीची जागा मिळाली आणि तिनं तोंड पलीकडच्या बाजूला केलं. पाटील टोपी काढून उभे होते. गाडी हलल्यावर माय तिच्या खिडकीबरोबर चार पावलं चालली, मग थांबली.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. परभणी मागं पडल्यावर माय म्हणाली, "मी पन लेकरूच म्हनले." मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो धरू दिला, पण माझ्याकडं पाहिलं नाही.